चौथा ठोका

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत मधोमध एक लहानसे राममंदिर आहे. दुपारची आरती आणि नैवेद्य आटोपला की साडेबाराच्या सुमारास मी त्याच्या जाळीच्या दाराला कुलूप लावतो, किल्ली जानव्याला बांधतो आणि जिना चढून माझ्या खोलीत येतो. पाठशाळेतले अध्यापन संपल्यापासून हा क्रम सहसा चुकलेला नाही. गेल्या कार्तिकात असाच कुलूप लावून वर आलो, हातपाय धुतले, दुपारची संध्या आटोपली, डबा उघडला, आणि खाली बंद देवळात नगारा वाजू लागला.

प्रथम हात किल्लीकडे गेला. ती जानव्याला होती. खिडकीतून पाहिले तर अंगण रिकामे, ऊन सरळ फरशीवर पडलेले. नगारा मात्र वाजत होता, आणि ज्या रीतीने वाजत होता ती रीत माझ्या ओळखीची होती. तीन ठोके लयीत, चौथा किंचित उशिरा. पुन्हा तीन, पुन्हा एक उशिरा.

ही लय वाडीत एकाच माणसाची होती. माझ्या थोरल्या बंधूंची.

बंधू पोर्टाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर रोज दुपारच्या आरतीला नगारा वाजवीत. त्यांचा उजवा खांदा एका अपघातात दुखावलेला होता. तीन ठोके ते मारीत आणि चौथ्याला हात वर नेताना क्षणभर अडखळत. आम्ही त्या अडखळण्यावर टाळ्या जुळवायला शिकलो होतो. ते गेल्यावर दुपारी नगाऱ्याला माणूस मिळेना. मग वाडीतल्या लोकांनी त्यांच्या स्मरणार्थ विजेवर चालणारे आरतीचे यंत्र आणले. लोखंडी चौकट, तीत एक नगारा, दोन टिपऱ्या, वर घंटा, आणि हे सारे फिरवणारी नारळाएवढी मोटार. बटण दाबले की यंत्र वाजते. बंधूंच्या मागे तीन वर्षे ते वाजत होते, अगदी सरळ, एकसारखे, कोणाचीही आठवण न करून देणारे.

त्या दिवशी मी चपला न घालताच खाली धावलो. जाळीतून आत पाहिले. माणूस नव्हता. टिपऱ्या आपापल्या उठत होत्या आणि पडत होत्या. मोटारीच्या फटींतून निळसर ठिणग्या उमटत आणि त्यांचा उजेड गाभाऱ्याच्या पडद्यावर थरथरे. पावसाळ्यात वीज जवळ पडल्यावर येतो तसा एक उग्र वास दारापर्यंत आला होता. मी कुलूप उघडेपर्यंत ठोके मंदावले, चौथ्यावर टिपरी अर्ध्यात थांबली, आणि सारे शांत झाले.

बटण चालूच होते. त्याचे कारण मला लगेच आठवले. आरतीच्या वेळी मी ते दाबले होते, यंत्र हलले नव्हते, आणि मी हातातल्या घंटेवर आरती पूर्ण केली होती. जे वाजलेच नाही ते बंद करावे हे कोणाच्या मनात येते? परंतु बाराला न वाजलेले यंत्र दीडला का वाजावे?

मागे वळलो तो वहिनी त्यांच्या दारात उभ्या होत्या. देवळासमोरची तळमजल्याची खोली त्यांची. हातात झाकलेले ताट होते.

"ऐकलंत ना, भावोजी?"

"यंत्र बिघडलंय, वहिनी."

"बिघडलेलं यंत्र माणसासारखं वाजवतं होय?" त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "आज तीन वर्षांनी मी गरम जेवणार. बटण बंद करू नका हो तेवढं."

या वाक्याचा अर्थ वाडीबाहेरच्या माणसाला कळणार नाही. वहिनी लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून बंधूंच्या आधी कधी जेवल्या नव्हत्या. बंधू आरती करून घरी येत, पाटावर बसत, आणि त्यांचे पान वाढून झाल्यावरच वहिनी आपले वाढून घेत. बंधूंच्या मागे त्यांनी हा नेम मोडला नाही, फक्त त्याला टेकायला जागा उरली नाही. त्या कधी तीनला जेवत, कधी चारला, कधी पेलाभर ताक घेऊन पडत. आता त्यांना जागा सापडली. नगारा वाजला की ते आले, ते आले की जेवायचे.

आणि नगारा वाजला नाही तर नाही जेवायचे.

मी शास्त्र शिकलेला माणूस. गेलेल्या जीवाची वाट, त्याचे पाथेय, त्याच्यासाठी करावयाची कर्मे, हे सारे मी अनेकांना समजावून सांगितले आहे. वहिनींना मात्र एक शब्द सांगू शकलो नाही. कारण खरे सांगायचे तर चौथा ठोका उशिरा पडला तेव्हा माझाही हात टाळी देण्यासाठी उचलला गेला होता.

बटण मी बंद केले नाही. आरतीला दाबायचे, यंत्र गप्प राहायचे, तसेच चालू ठेवून कुलूप लावायचे, आणि संध्याकाळी पाचला देऊळ उघडले की बंद करायचे, असा नवा क्रम पडला. आरतीला मुके असलेले ते यंत्र दुपारी दीड-पावणेदोनला बोलू लागे. पाच-सात मिनिटे वाजे आणि टिपरी हवेत धरून थांबे. वाडीतल्या बायका त्या वेळेला अंगणातून जाईनाशा झाल्या. वाळत घातलेले कपडे दोनच्या नंतर काढू लागल्या.

रविवारी ते वाजत नसे. "रविवारी ते माझ्यावर रुसतात," वहिनी म्हणत आणि ताट तसेच झाकून ठेवीत. पुढे मधल्या वारीही खंड पडू लागला. कधी चारला वाजे, कधी मुळीच नाही. मार्गशीर्ष संपता संपता त्यांच्या पाटल्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकू लागल्या. साखरेचे औषध त्यांना जेवणाबरोबर घ्यायचे असे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, "असंच चाललं तर एक दिवस त्या दारातच पडतील. त्यांना वेळेवर जेवायला घाला."

मी वहिनींना विनवले.

"ऐकावं माझं. दोन घास खाऊन घ्या, मग वाट पाहा."

"तुम्ही संध्या केल्याशिवाय चहा घेता का?"

"ते वेगळं."

"काय वेगळं ते सांगा, मग खाते."



पौषातल्या एका मंगळवारी मी ठरवले की आत बसून पाहायचे. आरतीनंतर घरी गेलो नाही. जाळी आतून ओढून घेतली आणि यंत्रासमोर आसन टाकून बसलो. भर दुपारी देऊळ बंद असताना आत बसणे हे किती निराळे असते ते मला तोवर ठाऊक नव्हते. फुलांचा वास जड होतो. समईची वात शांतपणे जळत राहते, आणि पडद्यामागे कोणीतरी भोजन करीत आहे ही रोजची भावना एकाएकी फार खरी वाटू लागते. शेजारच्या वाडीच्या जागी टॉवर उठतो आहे. तिथे जमिनीत खांब ठोकण्याचे अजस्र यंत्र सकाळभर धडधडत असते, आमच्या पंचपात्रातल्या पाण्यावर वलये उठत असतात. त्या दिवशी मात्र तेही गप्प होते. पाणी आरशासारखे स्थिर होते. दीड झाला. दोन झाले. तीन झाले. समोरच्या दारात वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या मला जाळीतून दिसत होत्या. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ पांढरे पडले होते.

मी उठलो. काय करतो आहे हे माझे मलाच उमगले नाही. थकलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा मी मोटारीवर तळहात ठेवला आणि जरा जोराने थोपटले.

हाताखाली ती शहारली. आत निळी ठिणगी उडाली, टिपरी उचलली गेली, आणि नगारा वाजू लागला. तीन ठोके. मग चौथा.

समोर वहिनींनी डोळे उघडले, भिंतीला धरून उठल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने ताटाचा आवाज आला. त्या जेवल्या. मी घरी जाऊन संध्येला बसलो, पण आचमनाचे पाणी तळहातावर घेतले की तो शहारा पुन्हा जाणवे. मी एका उपाशी बाईला तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या नावाने फसवले होते. आणि ज्याच्या नावाने फसवले त्याच्याच खांद्यावर हात ठेवल्यासारखे मला वाटले होते.

दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर मी मोटार चौकटीतून सोडवली आणि कापडी पिशवीत घातली. वहिनी दारात होत्याच.

"पिशवीत काय?"

"मोटार. लालबागला दाखवून आणतो."

त्यांनी पिशवीला हात लावला. "जड आहे?"

"थोडी."

"जपून न्या," त्या म्हणाल्या. "परत येईपर्यंत मी थांबते."

थांबते म्हणजे जेवत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

लालबागच्या बाजारामागच्या गल्लीत मोटारी दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. पूर्वी गिरणीत वायरमन होते. मूळचे मालवणकडचे, वयाने माझ्याएवढेच. दुकान असे की एक माणूस आत बसला की दुसऱ्याने पायरीवर बसावे. त्यांनी मोटार हातात घेतली, उलटसुलट केली आणि हसले.

"गुरुजी, ही तर शिलाई मशिनची मोटार. देवाच्या कामाला लावलीत?"

"ती मधेच चालते, मधेच थांबते. कोणी हात न लावता चालते."

"हात न लावता?" त्यांनी तार जोडली. मोटार गप्प. त्यांनी पेचकसाच्या मुठीने तिच्या पाठीवर हलकेच टक् केले. ती गुरगुरत सुरू झाली. "ह्याला आम्ही टक्क्याची मोटार म्हणतो. हिला कोणीतरी हलवावं लागतं. ट्रक गेला तरी चालते. कार्बन अडकलाय."

मी पायरीवर बसलो होतो. पंचपात्रातली ती वलये माझ्या डोळ्यांसमोर उठली. खांब ठोकणारे मजूर बाराला जेवायला बसतात, दीडला पुन्हा यंत्र सुरू करतात. रविवारी सुट्टी. काल काम बंद. एकेक गोष्ट आपल्या जागी जाऊन बसली, आणि अशा वेळी जे समाधान वाटायला हवे ते मला मुळीच वाटले नाही.

त्यांनी मोटारीच्या दोन्ही कुशींतली लहान टोपणे फिरवून काढली. त्यातून एक बारीक स्प्रिंग आणि तिच्या टोकाशी काळा तुकडा बाहेर आला. "हा कार्बन. ह्यालाच ब्रश म्हणतात. दोन असतात, समोरासमोर." मग मोटार उघडून तिचा फिरणारा गाभा त्यांनी माझ्या हाती दिला. तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि त्यांच्या एका टोकाला आसावर बसवलेले तांब्याचेच लहान नळकांडे. जवळ नेऊन पाहिले तर ते अखंड नव्हते. तांब्याच्या उभ्या पट्ट्या एकमेकींशेजारी उभ्या होत्या, आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाची केसाएवढी रेघ. याला ते कॉम्युटेटर म्हणत.

"वीज एका कार्बनातून पट्टीवर उतरते, वेटोळ्यातून फिरते, समोरच्या कार्बनातून परत जाते," ते म्हणाले. "वीज आली की वेटोळं चुंबक होतं. बाजूचं चुंबक त्याला ओढतं. आता सांगा, ओढून जवळ आणलं की काय होईल?"

"चिकटून थांबेल."

"व्हय म्हाराजा! म्हणून थांबू द्यायचं नाही. ते पोचायच्या बेतात असतं, तेवढ्यात कार्बनाखाली पुढची पट्टी येते. त्या वेटोळ्यातली वीज उलटी होते. ज्यानं ओढलं तेच आता ढकलतं. मग पुढचं, मग पुढचं. कोणालाच पोचू द्यायचं नाही, म्हणून हे फिरतं."

मी तो गाभा हातात धरून बसून राहिलो. पोहोचण्याच्या क्षणी दिशा पालटणारे, आणि कधीही न पोहोचल्यामुळेच फिरत राहणारे. पाठशाळेत वर्षानुवर्षे संसारचक्राचे विवरण केले, पण त्याचे यंत्र तळहातावर कधी धरले नव्हते. मग ध्यानात आले की माझी बोटे काळी आणि चिकट झाली आहेत.

"हे काय लागलंय?"

त्यांनी नळकांडे नाकाशी नेले. "तिळेल." मग माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, तुम्ही मोटारीला तेल लावून न्हाऊ घालता की काय?"

मी घालत होतो. त्या वर्षीच्या दसऱ्याला यंत्राची पूजा झाली तेव्हा कोणीतरी म्हणाले, यंत्राला तेल हवे. मी मारुतीला घालतो तसे दर शनिवारी पळीभर तिळाचे तेल त्या फटींतून श्रद्धेने आत सोडत आलो होतो.

"तेल लागतं ते आसाच्या दोन टोकांना, थेंबभर," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात आता चेष्टा नव्हती. "कार्बनाला कोरडं लागतं. त्यानं झिजायचं असतं. तो मऊ असतो, तांबं झिजू नये म्हणून. त्याची पूड पडते, उडून जाते. तुम्ही तेल घातलंत, पुडीचा चिखल झाला. कार्बन आपल्या नळीत चिकटला, स्प्रिंगनं ढकललं तरी पुढे जाईना. हलवलं की क्षणभर सुटतो, ठिणग्या टाकतो, परत चिकटतो."

म्हणजे वहिनींची उपासमार माझ्या पळीतून उतरली होती.

"एक विचारतो," मी म्हणालो. "साफ करण्याआधी पुन्हा एकदा चालवून दाखवाल?"

त्यांनी मोटार जुळवली, टक् केले. मी डोळे मिटून ऐकू लागलो. ती अडखळत होती हे खरे, पण कसेही. कधी दोन श्वासांनी, कधी सातांनी, कधी सलग घरघरत राहून. कितीही ऐकले तरी त्यात तीन आणि एक असे काही नव्हते. ती लय या मोटारीत नव्हती.

"पुरे?" त्यांनी विचारले.

"पुरे," मी म्हणालो. माझ्या अंगावर काटा होता आणि समोर बाजारात भर दुपारी मसाल्याचा वास दरवळत होता.

त्यांनी नळकांडे थिनरने पुसले, बारीक पॉलिश पेपरने उजळले, हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने पट्ट्यांमधल्या रेघा एकेक करून कोरल्या. नवे कार्बन बसवले. मोटार चालू केली तेव्हा आतून फक्त एक फिकट, शांत चमक दिसली. जुन्या कार्बनांपैकी एक हरभऱ्याच्या डाळीएवढा उरला होता. मी तो मागून घेतला.

वाडीत परतलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. वहिनी उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसलो आणि सारे सांगितले. तेल, चिखल, पिशवीतला तो कार्बनचा तुकडा, खांब ठोकणारे यंत्र, रविवारची सुट्टी. आणि मंगळवारी तीन वाजता काय केले तेही.

वहिनींनी माझ्या काळ्या बोटांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मंगळवारचं मला ठाऊक होतं."

"कसं?"

"तुमच्या चपला देवळाबाहेर होत्या, भावोजी. मला साखर आहे, मोतीबिंदू नाही."

"मग जेवलात कशा?"

"तुमचा डबा सकाळपासून जिन्याच्या कठड्याला तसाच लटकलेला. मी जेवले नसते तर तुम्ही आतून उठला नसतात. एक उपाशी बसलेला पुरे की वाडीत." त्यांनी पदराने डोळे टिपले. "बाकीच्या दिवशीचं तुम्ही म्हणता ते खांबाचं असेल. मी नाही म्हणत नाही. तो कोळसा दाखवा बघू."

मी तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. एका बाजूने तो नळकांड्याच्या गोलाईबरहुकूम झिजून खोलगट झाला होता. त्या खोलगटपणावरून त्यांनी अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला. तो त्यांनी पुसला नाही.

"उद्यापासून आरती झाली की मी डबा घेऊन इथे येतो," मी म्हणालो. "मी बसल्यावर तुम्ही बसा. नेम मोडायला नको."

"आणि आज?"

"आज माझाही डबा उघडलेला नाही."

त्या उठल्या आणि पाट मांडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाराला मी बटण दाबले आणि यंत्र वाजले, सरळ, एकसारखे, जसे तीन वर्षे वाजत होते. आरतीनंतर ते बंद केले, दोनदा पाहून खात्री केली, कुलूप लावले, वर जाऊन संध्या केली आणि डबा घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांनी माझे पान वाढले, मग स्वतःचे वाढून घेतले. औषधाची गोळी ताटाशेजारी होती. आम्ही जेवू लागलो. भात कालवत असताना शेजारच्या जागेत धडधड सुरू झाली आणि पेल्यातल्या पाण्यावर बारीक वलये उठली. दीड वाजला होता.

वहिनींचा घास हातात थांबला. माझाही. समोर देऊळ बंद होते आणि यंत्र गप्प होते. आम्ही दोघे तसेच बसून राहिलो, तीन ठोक्यांना लागतो तेवढा वेळ, आणि त्याहून किंचित अधिक.

"जेवा," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी घास तोंडात घातला.